उधाणातला अनध्याय

कोलशेतच्या मिठागरांत पुन्हा मीठ धरू लागले आहे. सकाळी खाडीवरून येणारा वारा अंगाला चिकट लागतो आणि नुसते ओठ चाटले तरी जिभेला खारट चव येते. वाफ्यांतले पाणी आधी तांबूस होते, मग दुधावर साय धरावी तशी त्यावर एक पातळ पांढरी खपली येते. दर वर्षी मी बांधावर उभा राहून हे पाहतो, आणि दर वर्षी मला तो माणूस आठवतो ज्याने या वाफ्यांवरून चालवत मला बोलायला शिकवले. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला बोलता येते अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा आठवण जरा जास्तच टोचली. परवा ठाण्याच्या वाचनालयात बसलो होतो. चीनला नमवल्यापासून जपान हा शब्द आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी आहे. वकील, कारकून, पेन्शनर, सगळे टेबलाभोवती जमले होते आणि एक वकीलसाहेब इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. ‘योकोहॅऽमा’ म्हणताना त्यांनी मधल्या ‘हॅ’वर टेबलावर मूठ आपटली. ‘नॅगसॅऽकी’ म्हणताना पुन्हा आपटली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथे बसवेना. या लोकांना जपानचा अभिमान वाटतो, आशियातले एक राष्ट्र ताठ उभे राहिले म्हणून त्यांचे डोळे भरून येतात, आणि त्याच राष्ट्राच्या गावांची नावे त्यांना साहेबाने चावून दिल्याशिवाय गिळता येत नाहीत! एक निबंध लिहावा असे वाटले. घरी येऊन बोरू उचललाही. पण निबंधाऐवजी हे उतरत गेले.

माझे बालपण निबंधांत आणि पत्रकांत गेले. वडिलांच्या ट्रंकेत धोतरांखाली ती चोपडी असत: विधवांच्या दुःखावर, मिठावरच्या करावर, देशी कापडावर, पंक्तिभेदावर. इतर मुले स्तोत्रे म्हणत तेव्हा मी ती चोपडी म्हणत असे. जगातला प्रत्येक अन्याय आठ पानांत मावतो आणि नवव्या पानावर तो नाहीसा होतो असा माझा विश्वास होता. आवाज मोठा असला की पुरे. आणि इंग्रजी आवाज असला तर विचारूच नका. आमचे इंग्रजीचे मास्तर सांगत, “प्रत्येक इंग्रजी शब्दात एक टेकडी असते. ती चढायची, मग बाकीचा शब्द आपोआप घरंगळतो.” आम्ही पोरे चढायला आणि घरंगळायला इतके शिकलो, की सपाटीवरचा शब्द दिसला तरी त्यात टेकडी उभी करू लागलो. आमची तोंडे त्या वेळी भाड्याने दिलेली होती. मालक कोण हे विचारायचे आम्हाला सुचतही नव्हते.

तो हिवाळा लढाईच्या आधीचा. कोलशेतला इनास नावाच्या किरिस्तावाच्या घरी एक जपानी साधू उतरला आहे आणि त्याला इंग्रजी समजणारा कोणीतरी हवा आहे, असा निरोप पाद्रीबाबांनी कचेरीत पाठवला. मी तिथे उमेदवारी करत होतो. जपानी मनुष्य! मी धावतच गेलो.

तो सिंहलद्वीपाहून आला होता. तिथे पाली आणि थोडी इंग्रजी शिकला होता. ठाण्यापलीकडच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी पाहायला गेला आणि तापाने तिथेच आडवा झाला. ठाण्यात सुधारणेवर व्याख्याने देणारी अर्धा डझन घरे आहेत. त्यांतल्या एकानेही त्याला ओसरी दिली नाही. जात काय, खातो काय, विटाळ कोणाचा धरायचा, असे सगळे प्रश्न त्यांना पडले. शेवटी त्याला खांद्यावर घेऊन गेला इनास. त्याची थोडी भातजमीन होती आणि एक मचवा होता. येशूचे नाव घेणाऱ्या घरात बुद्धाचे नाव घेणारा माणूस पेज पिऊन बरा झाला. यावर मी तेव्हाच एक पत्रक लिहायला घेतले होते.

“सदूभाव,” इनासने मला दारातच सांगितले, “मानूस देवाचा हाय. पन कोनच्या देवाचा ता काय समजत नाय.”

त्याची बायको मारीबाय चुलीकडून ओरडली, “मासली नाय खात, कोंबरी नाय खात! मंग आमचेच घरा कशाला आयला? बामनाकडं जायाचा व्हता ना!”

“गेलेला,” इनास म्हणाला. “त्यानला चालला नाय.”

मी आत गेलो. राखाडी कफनी घातलेला, तुळतुळीत डोक्याचा, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा असा एक माणूस चटईवर ताठ बसला होता. पाद्रीबाबांनी त्याचे नाव इंग्रजीत लिहून पाठवले होते. मी घसा साफ केला, टेकडी शोधली, ती चढलो आणि म्हणालो, “गुड मॉर्निंग, मिस्टर रायोटॅऽट्सू!”

त्याने मागे वळून पाहिले. मी कोणाला हाक मारतो आहे ते त्याला कळेना.

मग त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि नाव सांगितले. ऱ्योताचू. ‘वाऱ्यावर’मधला तो ऱ्य, आणि ‘चुली’तला तो च. मी थक्क होऊन बसलो. हे दोन उच्चार इंग्रजी येणाऱ्या माणसाने सोडून द्यायचे असतात असे आम्ही मानत होतो. साहेबाला ते जमत नाहीत, म्हणून ते गावंढळ. आणि इथे समुद्रापलीकडून आलेल्या एका माणसाच्या नावात ते दोन्ही बसले होते, आपल्या घरात बसल्यासारखे. मारीबायने तर पहिल्याच दिवशी नाव अर्धे केले होते. ती त्याला ताचूबाबा म्हणे आणि तो हसून ओ देई.

ताप उतरल्यावर तो आणि मी रोज संध्याकाळी मिठागरांच्या बांधांवरून फिरू लागलो. बोलत होतो इंग्रजीत. ती दोघांच्याही घरची भाषा नव्हती. मी त्याला जपानातल्या गावांची नावे धडाधड म्हणून दाखवली. वर्तमानपत्रांतून पाठ केली होती मी ती. तो थांबला. मग बांधावरून खाली बोट दाखवले. एकाला एक लागून सारखे चौकोनी वाफे पसरले होते.

“ना,” तो म्हणाला आणि एका वाफ्याच्या लांबीइतका चालला. “गा.” पुढचा वाफा. “सा. की.” चार अक्षरे, चार वाफे. सगळे सारखे. कुठे टेकडी नाही.

मग ‘क्योतो’. ‘क्यो’ म्हणून तो एक वाफा चालला, त्याच आवाजात न थांबता दुसराही चालला, आणि मग ‘तो’वर तिसरा. लांब अक्षराला दोन वाफे. “तो-ओ-क्यो-ओ,” तो म्हणत गेला आणि मी त्याच्या मागून चालत गेलो. पश्चिमेला उजेड तांबडा होऊन पाण्यात उतरला होता. मी बोटांवर मोजू लागलो. हे तर लघु आणि गुरू! एक मात्रा आणि दोन मात्रा! आर्या म्हणताना आई मांडीवर बोटे आपटायची, ते माप हे. मी एका परक्या भाषेच्या दाराशी इंग्रजी टोपी हातात घेऊन उभा होतो, आणि दार उघडले तर आतून माझ्याच अंगणातला वारा आला.

त्या दिवसांत मला एकाच गोष्टीचे वेड लागले होते. मी रस्त्याने जाताना बायकांची भांडणे ऐकत असे, कोळणींच्या हाका, कचेरीतल्या शिपायाच्या शिव्या, आणि मनात वाफे मोजत असे. आपल्या तोंडात काय काय आहे हे मला कोणी सांगितलेच नव्हते. कोणत्याही पत्रकात ते नव्हते.

ऱ्योताचू इथे नुसती लेणी पाहायला आला नव्हता. हे त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितले. त्याच्या मठात एक मंत्र आहे. हजार वर्षांपूर्वी तो आपल्या देशातून चीनमार्गे तिकडे गेला. तोंडातून तोंडात येत गेला. अर्थ कोणी सांगत नाही, फक्त ध्वनी जपतात. ऱ्योताचूच्या गुरूने वयाच्या सातव्या वर्षापासून तो रोज म्हटला होता. आता तो गुरू फार थकला होता आणि त्याला एकच प्रश्न उरला होता: त्या देशात तो असाच म्हणतात का? “जा,” त्याने शिष्याला सांगितले, “ज्याला तोंडाने मिळाला आहे अशा माणसाच्या तोंडून एकदा ऐक आणि मला येऊन सांग. मी वाट पाहतो.”

“म्हणून दाखवा,” मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. सुरुवातीला ‘ओन्’ होते, मधली काही अक्षरे मला ओळखू येईनात, आणि शेवटी होते ‘सोवाका’. मी उडालोच. “स्वाहा! अहो, हे स्वाहा आहे!” मी त्याला दोनचारदा म्हणून दाखवले.

त्याने फार लक्ष देऊन ऐकले. मग नम्रपणे विचारले, “तुम्ही दर वेळी थोडे वेगळे म्हणता. हे तुम्हाला कोणी दिले?”

“कोणी नाही. पुस्तकात वाचले.”

“पुस्तक आमच्याकडेही आहे,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. मी कल्याणला गेलो. तिथे तळ्यामागे आप्पाभट राहत. ते घनपाठी होते, उलटसुलट क्रमानेही वेद तोंडपाठ असलेले. माझे वडील लहानपणी त्यांच्याकडे संथा घेत. एक मात्रा कमी पडली तर ते पोराच्या पाठीत धपाटा घालत अशी त्यांची ख्याती. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले.

“जमणार नाही, सदाशिवा,” ते म्हणाले. “मी वेद त्याच्या कानावर घालायचा नाही.”

“आप्पा, तो माणूस समुद्र ओलांडून आलाय. त्याचा गुरू मरायला टेकलाय. एका शब्दाने आपलं काय जातं?”

“माझं काय जाणार? ते माझं नाहीच. मला जसं मिळालं तसं पुढं द्यायचं, एवढंच माझ्याकडे आहे.”

“म्हणजे नियम माणसापेक्षा मोठा?”

“तुझी चोपडी वाचलीत मी,” ते म्हणाले. “आवाज मोठा आहे तुझा. जेवून जा.”

मी जेवलो नाही. कोलशेतला परत येताना डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. ऱ्योताचूला सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “निदान त्यांना पाहून येऊ. अशा माणसाला पाहिले, एवढे तरी गुरूंना सांगता येईल.” त्याची बोट मुंबईहून सुटायला थोडेच दिवस उरले होते.

इनास म्हणाला, “कल्यानला मचवा न्यायाचा तर उधानाला जाऊ. नायतर बंदराजवल चिखलान रुततो. पुनवेच्या दुसरे दिशी पानी मस्त.”

तसे आम्ही पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर निघालो. खाडी दोन्ही काठ भरून वर चढत होती. कोपरच्या बाजूची खारफुटी गळ्यापर्यंत बुडाली होती, नुसते शेंडे दिसत होते, आणि त्या शेंड्यांवर बगळे बसले होते. पाणी उलटे, डोंगराकडे चालले होते आणि आम्हाला घेऊन चालले होते. ऱ्योताचू पुढे, बंदराच्या दिशेने पाहत होता. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत हे त्याला ठाऊक होते. कल्याणचे बंदर दिसले तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने हात जोडले. मी त्या बंदरावर शेकडो वेळा उतरलो असेन, पण हात जोडायचे मला कधी सुचले नव्हते.

आप्पाभटांच्या दारात त्यांचा मुलगा रामभाऊ उभा होता. आम्हाला पाहून त्याने कपाळावर हात मारला.

“अरे, आज कसला आलास? आज प्रतिपदा. अनध्याय! चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा, तिन्ही दिवस या घरात वेदाचं अक्षर निघत नाही. एवढा शिकलास, घरात पंचांग नाही होय रे?”

घरात पंचांग नव्हतेच. पंचांगाविरुद्ध आमचे एक पत्रक होते. माझे तोंड उतरले. खाडीला उधाण येते त्याच दिवसांत वेदाला सुट्टी असते, ही गोष्ट दोन्ही काठांवर राहणाऱ्या एकाही माणसाने मला सांगितली नव्हती. मी ऱ्योताचूला समजावून सांगू लागलो. तो ओटीखाली, चपला काढून, मान खाली घालून ऐकत होता.

“कोण आहे?” आतून आवाज आला. आप्पाभट बाहेर आले, पाटावर बसले. त्यांनी त्या माणसाकडे बराच वेळ पाहिले. उन्हात त्याचे डोके चकाकत होते. त्याने एकदाही वर पाहिले नाही.

“रामा,” आप्पाभट म्हणाले, “आज काय आहे म्हणालास?”

“प्रतिपदा, आप्पा.”

“म्हणजे आज या घरात वेद नाही.”

“नाही.”

“मग आज मी जे बोलेन ते वेद नव्हे.”

“आप्पा!”

“अरे, आहे का? सकाळी मी तुला अळू आण म्हणालो, ते वेद झालं? उद्या द्वितीया. उद्या म्हटलं तर ते वेद होईल, मग याच्यापुढं मला तोंड उघडता येणार नाही. आज मी नुसती अक्षरं बोलतोय.” त्यांनी मला खूण केली. “त्याला म्हणावं, बस. सावलीत बस.”

मी आजवर नियम म्हणजे भिंत समजत होतो. भिंतीवर डोके आपटायचे किंवा सुरुंग लावायचा. नियम इतका नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत पाळायचा की त्यातून एका माणसापुरती वाट निघावी, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या डोक्यातला तो मथळा कुठे गेला मला कळले नाही.

आप्पाभटांनी मुळापासून सुरुवात केली. अ, आ. ते एकदा म्हणत, ऱ्योताचू दोनदा म्हणे. संथेची रीत तीच: गुरूचे एकदा, शिष्याचे दोनदा. रामभाऊ तोंड फिरवून बसला होता, पण त्याचा पाय ठेका धरत होता. क ख ग घ झाले. ऱ्योताचूला सगळे वेगळे काढता येईनात, तरी तो घाम गाळत म्हणत राहिला. मग त्याने मला विचारले, “मीही म्हणू का? आमच्याकडे मुले म्हणतात ती अक्षरे?”

आणि तो म्हणू लागला. आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को. मग साची रांग, मग ताची, नाची, हाची, माची, याची, राची, वाची.

आप्पाभट पुढे झुकले. “पुन्हा.”

तो पुन्हा म्हणाला.

“क पासून निघाला,” आप्पाभट हळूच म्हणाले. बोटांनी ते स्वतःच्या गळ्याला, दातांना, ओठांना हात लावत होते. “चच्या जागी सा धरलाय. पच्या जागी हा. पण रांग तीच. कंठातून निघून ओठांवर यायचं, मग य र व. हे यांना कोणी सांगितलं?”

“इथूनच गेलं, आप्पा. बुद्धाच्या भिक्षूंबरोबर. हजार वर्षं झाली.”

“आणि ट, ठ, ड?”

“ते त्यांच्याकडे नाहीत.”

“सुखी आहेत,” आप्पाभट म्हणाले. “कमी मार बसत असेल पोरांना.”

रामभाऊ खुदकन हसला. पण आप्पाभटांचे डोळे ओले होते. ते कोणत्याही देशाची वर्तमानपत्रे वाचत नव्हते, त्यांना जपान कुठे आहे हेही नीट ठाऊक नसावे. मी मात्र सगळे वाचून बसलो होतो, आणि रांग ओळखली ती त्यांनी. तळ्यावरून वारा आला, कोणीतरी धुणे आपटत होते, आणि एका ओटीवर दोन माणसे एकमेकांची मुळाक्षरे म्हणत होती.

मग ‘स्वाहा’ आले. आप्पाभटांनी म्हटले. लांब ‘आ’ दोन्ही मात्रा पुरेपूर घेऊन उभा राहिला, ‘ह’ छातीतून आला. ऱ्योताचूने म्हटले, “सोवाहा.” पुन्हा. “सुवाहा.” पुन्हा. धपाटा घालायला उठणारा हात मांडीवरच राहिला होता. किती वेळ गेला कोण जाणे, आणि एकदाचे त्याच्या तोंडून ते निघाले. स्वाहा. लगेच दुसऱ्यांदाही निघाले. त्याने जमिनीवर डोके टेकले. त्याला जे हवे होते ते मिळाले होते.

आप्पाभट मला म्हणाले, “त्याला विचार, याचा गुरू कसं म्हणतो?”

ऱ्योताचूने डोळे मिटले आणि तो मंत्र त्याच्या मठातल्यासारखा म्हटला. शेवटी ‘सोवाका’.

“चुकलंय हो ते,” रामभाऊ म्हणाला.

“नाही,” आप्पाभट म्हणाले. “चूक दर वेळी निराळी येते. हा आता शिकताना चुकला, तो प्रत्येक वेळी वेगळा चुकला. हे तसं नाही. हे घट्ट आहे. हे कोणीतरी कोणाला तरी समोर बसवून दिलंय. तिथपर्यंत एकही माणूस मधे गळलेला नाही.” आणि पाटावरून किंचित सरकून, ताठ बसून, त्या वृद्ध घनपाठ्याने ते म्हटले. सोवाका. आणि पुन्हा एकदा. सोवाका.

रामभाऊ उभा राहिला. दोनदा कोण म्हणतो हे त्याला ठाऊक होते. मलाही.

ओहोटी लागली होती म्हणून निघावे लागले. पुढे ऱ्योताचू बोटीवर चढला तो पुन्हा कळला नाही. त्याच्या गुरूने वाट पाहिली की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण त्या दुपारी मचवा खाली उतरत असताना पाणी आता समुद्राकडे ओढत होते आणि तो नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसला होता. मी जवळच होतो. त्याचे ओठ हलताना दिसत होते.

“जप करतोय जनू,” इनास वल्हे मारता मारता म्हणाला.

तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. आप्पाभटांनी दिलेला म्हणत होता, की त्यांनी घेतलेला? गुरूपुढे बसल्यावर तो कोणता उच्चारणार होता? जरा पुढे झुकलो असतो तर ऐकू आले असते. प्रत्येक गोष्ट खडसावून विचारायची मला लहानपणापासूनची सवय. मी झुकलो नाही. वल्हे हळू मारायला इनासला हाताने खुणावले, आणि खाडी आम्हाला घेऊन गेली.